पहिली फुल मॅरेथॉन पळून झाली. आता पुन्हा पळायला कधी लागू?

रविवारी मुंबईत पहिली फुल पाच तासांच्या थोडं वर संपवलीत, आज बुधवार, जिना उतरताना कठडा सुटत नाही, अंगठ्याचं नख काळं पडलंय आणि मित्रांनी फेब्रुवारीअखेरच्या एका हाफ मॅरेथॉनमध्ये तुमचं नावही घालून टाकलंय. मालिश करू का, गोळी घेऊ का, उदास का वाटतंय आणि पळायला कधी लागू, असे तुमचे प्रश्न. आधी मनापासून अभिनंदन! पाच तासांत संपवणारा माणूस शेवटचे किलोमीटर मुंबईच्या कोवळ्या नव्हे, चांगल्या तापलेल्या उन्हात पळतो. पुढच्या तुकडीतल्यांना ते ऊन दिसतही नाही.

मी डॉक्टर नाही. ठाण्यात आमचा पळणाऱ्यांचा गट आहे, त्यात नवख्यांना पहिल्या फुलपर्यंत नेण्याचं काम माझ्याकडे असतं. त्यामुळे जानेवारीचा तिसरा रविवार उलटला की माझा फोन याच प्रश्नांनी वाजत राहतो. तुमच्या आजच्या दुखण्याची मला फारशी काळजी वाटत नाही. काळजी आहे ती पुढच्या आठवड्याची, दुखणं थांबेल तेव्हाची.

आज जे दुखतंय ते मुख्यतः मांडीच्या पुढच्या स्नायूंचं. पाऊल जमिनीवर पडतं तेव्हा हे स्नायू ताणले जात असतानाच ब्रेक लावायचं काम करतात आणि त्या कामात त्यांच्या तंतूंना बारीक बारीक इजा होते. उतारावर ती जास्त होते. परतीच्या वाटेवर पेडर रोड चढताना सगळे कुरकुरतात, पण मांड्यांची खरी वाट लागते ती पुढे केम्प्स कॉर्नरकडून चौपाटीला उतरताना. जिना उतरताना स्नायूंना हेच ब्रेकचं काम पुन्हा करावं लागतं. म्हणून रेल्वेचा पूल चढताना तुम्ही ठीक असता आणि उतरताना लोकं वळून बघतात. उलटं किंवा आडवं उतरा, बिनधास्त. भारतीय पद्धतीच्या संडासाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण तो प्रश्न सगळ्यांना पडतो: दोन-तीन दिवस कमोड शोधा.

हे दुखणं साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळसाला पोचतं आणि पाचव्या-सहाव्या दिवसापर्यंत बरंचसं ओसरतं. गोम इथेच आहे. स्नायूंना रक्तपुरवठा भरपूर, म्हणून ते लवकर सावरतात. टाचेमागची शीर (म्हणजे स्नायू हाडाला जोडणारा कंडरा), गुडघ्याखालचा पट्टा, पायाच्या आणि नडगीच्या हाडांवर पडलेला ताण या गोष्टी सावकाश भरून येतात आणि तोवर बहुधा गप्प बसतात. नवव्या-दहाव्या दिवशी पाय मोकळे वाटतात, ग्रुपवर कुणीतरी येऊरची टेकडी चढून आल्याचा फोटो टाकतं आणि आपण बूट चढवतो. आमच्याकडे जे जायबंदी होतात ते बहुतेक शर्यतीत होत नाहीत, त्यानंतरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात होतात.

तेव्हा पळण्याचं असं करा. या रविवारपर्यंत पळायचं नाही, एक किलोमीटरसुद्धा नाही. रोज वीस-तीस मिनिटं सपाट रस्त्यावर चाला. पोहता येत असेल तर खरचटलेलं भरल्यावर पोहा. दुसऱ्या आठवड्यात दिवसाआड वीस-पंचवीस मिनिटं, शेजारच्याशी पूर्ण वाक्यात गप्पा मारता येतील इतक्याच वेगाने. घड्याळ घरी ठेवलंत तर उत्तम. तिसऱ्या आठवड्यात हेच चाळीस मिनिटांपर्यंत न्या. चढ, वेगाचे तुकडे, रविवारचा लाँग रन हे सगळं चौथ्या आठवड्यानंतर. मैलाला एक दिवस असा पळणाऱ्यांमध्ये एक जुना हिशेब आहे. फुल म्हणजे ४२ किलोमीटर, सुमारे २६ मैल, म्हणून २६ दिवस जोर लावायचा नाही. त्यामागे काटेकोर शास्त्र नाही, पण पहिल्या फुलनंतर तो मला कधी जास्त वाटलेला नाही. ज्यांचं पोट पळण्यावर चालतं ते अव्वल धावपटूही बहुतेक वर्षाला दोन, फार तर तीन मॅरेथॉन पळतात आणि प्रत्येकीनंतर चांगली विश्रांती घेतात.

सकाळी अंथरुणातच नाडी मोजत जा. नेहमीपेक्षा सात-आठ ठोके जास्त असतील तर त्या दिवशी फक्त चालणं.

मालिश आज नको. आजी पायाला तेल लावून हलक्या हाताने चोळते तसं चालेल, बरंही वाटेल. पण कोपर रुतवून गाठी फोडणारा माणूस पुढच्या आठवड्यापर्यंत लांब ठेवा. आधीच दुखावलेल्या तंतूंना चेचून काही मिळत नाही. बर्फाच्या पाण्यात बसण्याने दुखणं थोडं कमी वाटतं, भरून येण्याचा वेग वाढतो असं काही ठामपणे म्हणता येत नाही. मला तो प्रकार सोसत नाही, म्हणून मी कुणाला सांगतही नाही.

गोळीबद्दल मात्र मी कडक आहे. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक या जातीच्या गोळ्या मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तपुरवठा कमी करतात, आणि पाच तास घाम गाळलेल्या शरीरात तो आधीच ओढाताणीत असतो. घरोघरच्या ड्रॉवरमध्ये सापडणाऱ्या कॉम्बिफ्लॅममध्येही आयबुप्रोफेन असतं, हे अनेकांना माहीत नसतं. शर्यतीच्या दिवशी आणि नंतरचे दोन दिवस तरी ही गोळी टाळावी. अगदीच झोप लागत नसेल तर साधी पॅरासिटामॉल, तीही पाकिटावर लिहिलेल्या मर्यादेत.

खाण्याचं तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते, कारण फुलनंतर लोकं एकदम प्रोटीनच्या डब्यामागे लागतात. तुमच्या स्नायूंतला साखरेचा साठा रविवारी जवळजवळ संपला होता आणि तो भरतो पिष्टमय पदार्थांनी. वरण-भात-तूप-लिंबू, मऊ खिचडी, पोहे, केळी हे सगळं या कामाचंच आहे. जोडीला अंडी, मासे किंवा मटकीची उसळ, पनीर, दही. तहान लागेल तसं पाणी प्या. ‘डिटॉक्स’ म्हणून लिटरच्या लिटर पाणी ढोसू नका, त्याने रक्तातलं मीठ पातळ होतं. ताक, आमसुलाचं सार, मीठ घातलेलं लिंबूसरबत यांत पाणी आणि मीठ दोन्ही आलं. आणि काटा एक-दोन किलो वर गेला असेल तर घाबरू नका. साखरेचा साठा पाणी धरून ठेवतो, सुजलेले स्नायूही धरतात.

आणखी एक गोष्ट, जी फार कमी लोकं सांगतात. ऑफिसची वार्षिक रक्ततपासणी या दोन आठवड्यांत करू नका. आमच्या गटातल्या एकाने फुलनंतर तिसऱ्या दिवशी केली. रिपोर्टमध्ये एसजीओटी बरंच वाढलेलं, घरात रडारड, यकृत बिघडलं म्हणून. हे एन्झाइम यकृतात असतं तसंच स्नायूंतही असतं आणि स्नायू दुखावले की रक्तात उतरतं. सीपीके हे स्नायूंतलं एन्झाइम तर त्याहून कितीतरी चढतं. करावीच लागली तर डॉक्टरांना आधी सांगा की परवाच ४२ किलोमीटर पळून आलोय.

डॉक्टरांकडे ताबडतोब कधी जायचं तेही लिहिते. लघवी कोला किंवा काळ्या चहाच्या रंगाची झाली तर. एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागली, विशेषतः मुंबईहून रात्रभर बसने किंवा गाडीने परतला असाल तर. छातीत दुखलं, धाप लागली, चक्कर आली तर अर्थातच. शर्यतीनंतरच्या काही तासांत डोकं ठणकणं, उलट्या, गोंधळल्यासारखं वागणं असं कुणाचं झालं तर आणखी पाणी पाजत बसू नये, रुग्णालयात न्यावं. आणि दोन्ही मांड्या सारख्याच दुखत असतील तर ते नेहमीचं, पण हाडावर बोट टेकवून ‘इथेच’ असं दाखवता येत असेल आणि चालताना ते वाढत असेल, तर पळणं बंद आणि अस्थितज्ज्ञाची वेळ घ्या.

उदासीचं म्हणाल तर बहुतेकांना ती येते. चार-पाच महिने पहाटे साडेचारचा गजर, रविवारची लांब पळापळ, खाण्याचे नियम, घरच्यांच्या शिव्या, आणि एका सकाळी ते सगळं संपतं. त्यात शर्यतीनंतरच्या एक-दोन रात्री झोपही धड लागत नाही. लगेच पुढच्या शर्यतीत नाव घालणं हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात वाईट उपाय. ज्या लग्नांना, मुंजींना, मित्रांच्या बैठकींना आजवर ‘उद्या लाँग रन आहे’ म्हणून टांग मारायचात, तशांना या महिन्यात जाऊन या. दोन-तीन आठवड्यांनंतरही मन उभारी घेईना, झोप-भूक बिघडलेलीच असेल, तर मात्र ते थकवा म्हणून सोडून देऊ नका, कुणाशी तरी बोला.

फेब्रुवारीअखेरची हाफ तुमच्या फुलपासून पाच-सहा आठवड्यांवर आहे, तेव्हा आजच रद्द करायची गरज नाही. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी एका पायावर उभं राहून टाच वीसदा वर उचलून बघा, मग दुसऱ्या पायावर. दोन्ही बाजू सारख्या चालल्या, कुठे कळ आली नाही, तर जा आणि गप्पा मारत, फोटो काढत पळा. चांगली वेळ नोंदवायची स्वप्नं या वेळी मित्रांना पाहू द्या. एक बाजू कमी पडली तर त्या दिवशी पळणाऱ्यांना पाणी द्यायच्या टेबलापाशी मदतीला उभे राहा, तिथे माणसं नेहमीच कमी असतात.

नखाला हात लावू नका. खाली रक्त साकळलंय, नवं नख आलं की जुनं आपोआप सुटेल. अंगठ्याला नवं नख पूर्ण यायला वर्षसुद्धा लागतं. ठणका असह्य झाला किंवा पू दिसला तरच डॉक्टरांकडे, घरी सुई तापवून भोक पाडू नका. पुढचे बूट घेताना अंगठ्यापुढे बोटभर जागा राहील असे घ्या आणि खरेदीला संध्याकाळी जा, दिवसभर चालून पाय तेव्हा थोडे फुगलेले असतात.