आधी ते ‘मूक’ काढा

प्रश्न असा आला आहे: ‘पोलिसांनी पालावर मारहाण केली, वस्ती मूक साक्षीदार ठरली’ असं बातमीत वाचलं, इथे ‘साक्षी’ हवं की ‘साक्षीदार’?

आधी ते ‘मूक’ काढा. भटक्यांच्या पालावर, तंबूंच्या वस्तीवर, लाठ्या पडतात तेव्हा बायका ओरडत असतात, पोरं रडत असतात. त्यांचा जबाब कुणी नोंदवत नाही, म्हणून ती मुकी झाली का? किल्ल्याच्या बुरुजाला म्हणा मूक साक्षीदार, माणसांना नको.

आता शब्द बघा. पाणिनीचं सूत्र आहे, ‘साक्षाद् द्रष्टरि संज्ञायाम्’ (५.२.९१). ज्यानं साक्षात पाहिलं तो साक्षी. आणि साक्षात् म्हणजे स + अक्ष, डोळ्यांसमक्ष. केवढा नेमका शब्द! साक्षी व्हायला ना पत्ता लागतो, ना पत; डोळे लागतात. झडतीचे पंच मात्र कायद्याला त्या भागातले प्रतिष्ठित रहिवासी लागतात. आज इथे, उद्या तिथे पाल ठोकणारा त्यात कधी बसणार?

हा मुकेपणा वेदान्तातून आला, असं माझं ठाम मत आहे. श्वेताश्वतर उपनिषदातला ‘साक्षी चेता केवलो निर्गुणश्च’ हा साक्षी नुसता पाहतो, कशात पडत नाही. तोच अलिप्तपणा आपण रस्त्यावरच्या माणसाला चिकटवला.

‘साक्षीला फारसी दार हा प्रत्यय कशाला, दुहेरी होतं’ म्हणणारे शुद्धतावादी इथे साफ चुकतात. हिस्सा असलेला हिस्सेदार, तसा साक्ष असलेला साक्षीदार. पाहिलं तो साक्षी. बोलायला उभा राहिला तो साक्षीदार.

फेब्रुवारी १९९८. पश्चिम बंगालच्या पुरुलियातल्या खेडिया शबर जमातीच्या बुधन शबरला बायकोच्या डोळ्यांदेखत पोलिसांनी धरून नेलं. कोठडीत मेला, तर म्हणे गमछ्यानं गळफास घेतला. शबरांनी प्रेत पुरून ठेवलं आणि चितेवर पुतळा जाळला, पुरावा नष्ट होऊ नये म्हणून. बंगाली लेखिका महाश्वेता देवींच्या पुढाकारानं प्रकरण कलकत्ता उच्च न्यायालयात गेलं. भरपाईचा आणि सीबीआय चौकशीचा आदेश निघाला. त्याच वर्षी आपल्या बारामतीत पारधी समाजाचा पिन्या हरी काळे पोलीस कोठडीत मेला.

बुधनची बायको साक्षी होती. न्यायालयानं तिचं ऐकलं तेव्हा ती साक्षीदार झाली.