धर्म मानणाऱ्या माणसाला फाशीची शिक्षा का टोचते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही देव मानता, निर्घृण गुन्हा करणाऱ्याला कडक शिक्षा झालीच पाहिजे असंही तुम्हाला वाटतं, पण कोणाला फाशी दिल्याची बातमी आली की दिवसभर चैन पडत नाही. धर्माने तर ही शिक्षा मान्य केलेली आहे, मग हा आपल्या मनाचा दुबळेपणा म्हणायचा का? आणि अशा दिवशी फाशी गेलेल्यासाठी देवापुढे हात जोडले, तर ज्याचा खून झाला त्याच्यावर तो अन्याय ठरतो का?

दुसऱ्या प्रश्नाकडे शेवटी येतो. मी बरीच वर्षं फौजदारी वकिली केली. धर्मशास्त्राचा पंडित नाही, पण हा विषय माझ्या मानगुटीवर बसलेला आहे, म्हणून जरा लांबण लागेल.

आधी एक खोटा दिलासा बाजूला काढू. "सगळे धर्म अहिंसाच शिकवतात, तेव्हा फाशी धर्माविरुद्ध आहे" असं कोणी म्हणालं तर मान डोलावू नका. बायबलमध्ये उत्पत्तीच्या नवव्या अध्यायात सरळ लिहिलंय की जो माणसाचं रक्त सांडेल त्याचं रक्त माणसाकडून सांडलं जाईल. कुराणात खुनाला किसास, म्हणजे जिवाला जीव असा बदला, आहे. मनुस्मृतीत वधदंड आहे, आणि वर आठव्या अध्यायात असंही आश्वासन आहे की राजाकडून शिक्षा भोगलेला पापी निर्मळ होतो आणि पुण्यवानांसारखा स्वर्गाला जातो. परवानगी खरी आहे. मात्र हेच ग्रंथ, आणि त्यांच्या भोवती वाढलेल्या परंपरा, थोडं थांबून वाचल्या तर लक्षात येतं की परवानगी देऊन झाल्यावर प्रत्येकाने तिच्या वाटेत काही ना काही अडसर घालून ठेवलाय. तुम्हाला जे टोचतं ते त्यांनाही टोचलं होतं.

मला यातला सगळ्यात मोलाचा पुरावा महाभारताच्या शांतिपर्वात सापडतो. सत्यवान म्हटलं की आपल्याला यमाच्या पाशातून परत आलेला सावित्रीचा नवरा आठवतो, तेवढाच. पण त्याच सत्यवानाचा त्याच्या वडिलांशी, द्युमत्सेन राजाशी, झालेला एक वाद भीष्म युधिष्ठिराला सांगतात. राजाच्या हुकुमाने काही माणसांना वधासाठी नेलं जातंय. ते पाहून सत्यवान म्हणतो: कधी धर्म अधर्माचं रूप घेतो, कधी अधर्म धर्माचं, पण वध हाच धर्म ठरावा, हे होऊ शकत नाही. बाप काही ऐकणारा नाही. तो विचारतो, दुष्टांना न मारणं हा धर्म, तर मग अधर्म कशाला म्हणायचं? दस्यूंना, म्हणजे लुटारूंना, मोकळं सोडलं तर माझं-तुझं काही शिल्लक राहणार नाही, सगळा गोंधळ माजेल. यावर मुलगा म्हणतो, एका दस्यूला मारताना राजा त्याच्या आईला, बापाला, बायकोला, पोरांना मारत असतो, आणि त्यांनी तर काही केलेलं नसतं. शिवाय वाईट माणूस एखाद्या सज्जनाच्या सहवासात सुधारू शकतो, वाईटाच्या पोटी चांगलं माणूस जन्माला येऊ शकतं. मूळच उपटू नका.

द्युमत्सेनाचं पुढचं उत्तर मला फार प्रामाणिक वाटतं. तो म्हणतो, पूर्वी लोकांना नुसतं धिक्कारलं तरी पुरत होतं. मग कठोर शब्दांत सुनवावं लागलं, मग दंड वसूल करावा लागला, आणि आता वधाची पाळी आलीय. काही जण तर वधालाही जुमानत नाहीत. म्हणजे शिक्षेचं समर्थन करता करता राजा तिच्या अपयशाचाही पाढा वाचून जातो. धाक बसतो की नाही यावर आज टीव्हीवर जी भांडणं चालतात, त्यांतलं निम्मं इथे येऊन गेलंय. (आणि टीव्हीपेक्षा कितीतरी सभ्य भाषेत.)

तेव्हा "धर्माने मान्य केलंय" हे वाक्य अर्धवट आहे. धर्माने ते वादात ठेवलंय, तेही बाप आणि मुलगा यांच्यातल्या.

मनूच्या त्या स्वर्गाच्या आश्वासनाबद्दल मात्र मला संशय आहे. कारण त्याच अध्यायात पुढे सांगितलंय की इतर वर्णांना जिथे देहदंड, तिथे ब्राह्मणाचं मुंडन करावं. त्याने कुठलंही पाप केलेलं असो, त्याला मारू नये. मारलं जाणं इतकं पावन करणारं होतं, तर ते पुण्य स्वतःच्या वाट्याला येऊ नये अशी तजवीज कशाला? या पार्श्वभूमीवर रामशास्त्री प्रभुण्यांची कथा पुन्हा आठवून पाहा. 1773 मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि रघुनाथरावांनी प्रायश्चित्त विचारलं, तेव्हा रामशास्त्र्यांनी देहांत प्रायश्चित्त सांगितलं, असं आपण शाळेपासून ऐकत आलो. आपण त्यांच्या करारीपणाचं कौतुक करतो. मला त्यातली दिशा महत्त्वाची वाटते. समोरचा माणूस ब्राह्मण होता, पेशव्यांच्या घरातला होता, सत्ता त्याच्या हातात होती. मरणाची शिक्षा वरच्या दिशेने बोलली गेली म्हणून ती कथा झाली. एरवी ती खालच्या दिशेनेच जाते, आणि त्याची कथा कोणी सांगत नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने 2016 साली फाशीच्या कैद्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात सुमारे तीन चतुर्थांश कैदी आर्थिकदृष्ट्या दुर्बल निघाले.

ज्यू परंपरेने अडसर घातला तो पुराव्याच्या बाजूने. एका साक्षीदाराच्या शब्दावर कोणाला मारायचं नाही, दोन किंवा तीन हवेत. आणि शिक्षा अमलात आणताना पहिला हात त्या साक्षीदारांचाच उठला पाहिजे. पुढे मिश्ना या ज्यूंच्या जुन्या कायदेसंग्रहात रब्बींची, म्हणजे धर्मपंडितांची, चर्चा येते. सात वर्षांत एकाला मृत्युदंड देणारं न्यायपीठ घातकी म्हणवलं जाई, असं एक मत. दुसरा म्हणतो, सात कसले, सत्तर वर्षांत एक. तरफोन आणि अकिबा म्हणतात, आम्ही त्या पीठावर असतो तर कोणालाच कधी मृत्युदंड झाला नसता. लगेच शिमोन बेन गमलिएल टोकतात की अशाने यांनी इस्राएलात खुनी वाढवले असते. हा शेवटचा टोला कोणी गाळून टाकला नाही, हे मला विशेष आवडतं. इस्लामी कायद्यात अडसर वेगळ्या जागी आहे: खून झालेल्याच्या वारसांना बदला माफ करण्याचा हक्क आहे, आणि माफीला कुराण उत्तेजनच देतं. त्याला पैशाची बाजूही आहे, श्रीमंताला रक्ताची किंमत मोजणं सोपं जातं, तो भाग वेगळा. ख्रिस्ती जगात तर कॅथलिक चर्चने शतकानुशतकं राज्याचा हा अधिकार मान्य केला होता. 2018 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी धर्मशिक्षणाच्या अधिकृत ग्रंथात बदल करून ही शिक्षा अस्वीकार्य ठरवली.

त्या साक्षीदारांच्या हाताकडे मी पुन्हा पुन्हा वळतो, कारण तुमच्या अस्वस्थतेचं मूळ मला तिथे दिसतं. त्या नियमात मारणारा कोण हे लपत नव्हतं. आज साक्षीदार साक्ष देऊन घरी जातो. सत्र न्यायाधीश सही करतात, पण उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय ती शिक्षा अमलात येत नाही, म्हणून शेवटचा शब्द आपला नव्हे असं त्यांना म्हणता येतं. उच्च न्यायालयाच्या वर सर्वोच्च न्यायालय आहे, त्याच्यापुढे दयेचा अर्ज आहे, राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात, आणि पहाटे खटका ओढणारा कर्मचारी हुकमाचा ताबेदार. एवढ्या लोकांतून जबाबदारी झिरपत जाते आणि कोणाच्याच अंगाला चिकटत नाही. निकालाच्या शीर्षकात फिर्यादी म्हणून नाव असतं ते राज्याचं, म्हणजे तुमचं-माझं. बातमी वाचून तुम्हाला चैन पडत नाही, कारण उरलेला हिस्सा तुमच्यापर्यंत पोचलाय. दुबळा माणूस तो हिस्सा नाकारतो. तुम्ही नाकारलेला नाही.

असा हिस्सा नाकारायला जागाच न उरलेली माणसंही आहेत. जपानमध्ये फाशीच्या हुकमावर कायदामंत्र्याची सही लागते. 1990-91 मध्ये त्या पदावर असलेले मेगुमु सातो हे मूळचे बौद्ध पुरोहित. त्यांनी सही केली नाही. 2005 मध्ये सेइकेन सुगिउरा यांनी पद घेतानाच आपण सही करणार नाही असं सांगितलं, टीका होताच शब्द मागे घेतले, पण त्यांच्या कारकिर्दीत एकही सही झाली नाही.

सम्राट अशोकाची तर मला नेहमी कोड्यात टाकणारी गोष्ट आहे. कलिंगानंतर त्याने मृत्युदंड रद्द केला असेल असं आपण गृहीत धरतो. केला नव्हता. त्याच्या चौथ्या स्तंभलेखात एवढंच आहे की मृत्युदंड झालेल्यांना तीन दिवसांची मुदत द्यावी, म्हणजे नातेवाईक त्यांच्या जिवासाठी रदबदली करतील, निदान ते दान-उपवास करून परलोकाची तयारी तरी करतील. पश्चात्ताप झालेला राजा, हातात संपूर्ण सत्ता, आणि तरीही तीन दिवसच. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये शत्रुघ्न चौहान खटल्यात दयेचा अर्ज फेटाळल्याचं कळवणं आणि प्रत्यक्ष फाशी यांत किमान 14 दिवस असावेत असं ठरवलं. कारणांमध्ये कैद्याने देवाशी समेट करावा हेही आहे. दोन हजारांहून जास्त वर्षांत 11 दिवस वाढले, असा हिशेब करायचा मोह होतो.

आता मी माझ्या धंद्याचं बोलतो, कारण माझं स्वतःचं मत ग्रंथांवरून कमी आणि कोर्टावरून जास्त बनलं. एका सत्र न्यायालयात शिक्षा सुनावली गेली तेव्हा मी दुसऱ्या कामासाठी मागच्या बाकावर बसलो होतो. निकाल इंग्रजीत वाचला गेला. आरोपीने आपल्या वकिलाकडे वाकून विचारलं, "साहेब, किती पडली?" त्याला वाटलं वर्षं सांगतायत. वकील क्षणभर काहीच बोलला नाही. त्या माणसाचा गुन्हा भयंकर होता, पुरावाही पक्का होता, त्याच्याविषयी मला आजही ममत्व नाही. पण ज्याला आपल्याबद्दल काय ठरलंय हेच कळत नाही, त्याला मारून आपण नेमका कोणता नैतिक हिशेब चुकता करतो, हे मला उमगलेलं नाही.

पक्क्या पुराव्याचंही फार सांगू नये. महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात भटक्या समाजातल्या सहा जणांना खून आणि बलात्काराबद्दल दोषी धरलं गेलं, 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशीच ठोठावली, आणि 2019 मध्ये त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडून प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितली. त्यांच्यातला एक गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता. आणखी एक प्रकरण उत्तर प्रदेशातलं: एकाच गुन्ह्यात सारखाच दोषी ठरलेल्या तिघांपैकी एकाची फाशी सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेपेत बदलली, दुसरा 1981 च्या ऑक्टोबरमध्ये फासावर गेला, आणि तिसऱ्याचा अर्ज न्यायालयापुढे आला तेव्हा कुठे हा फरक न्यायाधीशांच्या ध्यानात आला. तिसरा वाचला. फाशी फक्त "दुर्मिळातील दुर्मिळ" प्रकरणातच द्यावी ही कसोटी 1980 च्या, फाशी वैध ठरवणाऱ्या बचनसिंग निकालातली. त्या निकालात न्यायमूर्ती भगवती एकटे विरोधात होते, आणि ही शिक्षा मनमानी पद्धतीने दिली जाते हाच त्यांचा आक्षेप होता.

डॉ. आंबेडकरांनी 3 जून 1949 रोजी संविधान सभेत सांगितलं होतं की मृत्युदंडाच्या अपिलाची सोय करण्यापेक्षा ही शिक्षाच रद्द करण्याला आपण पाठिंबा देऊ. त्यांचं म्हणणं, लोक अहिंसा आचरणात आणत नसतील, पण नैतिक आदेश म्हणून ती मानतात. त्याच वर्षी गांधीजींचे मुलगे मणिलाल आणि रामदास यांनी आपल्या बापाच्या मारेकऱ्यांना फाशी देऊ नका अशी विनंती केली. सरकारने ती मानली नाही. 15 नोव्हेंबर 1949 रोजी अंबाल्याच्या तुरुंगात दोघांना फाशी झाली.

मी हे उदाहरण देतो, आणि देताना जरा कचरतोही. मणिलाल-रामदास यांना तो अधिकार होता, कारण बाप त्यांचा मेला होता. ज्यांची मुलगी मारली गेली त्या आईबापांना "क्षमा करा, गांधी वाचा" असं सांगण्याचा अधिकार मला नाही, तुम्हालाही नाही. ते फाशी मागतात तेव्हा ते सूडखोर आहेत असं मानू नका. बहुतेकदा राज्याने त्यांच्यापुढे न्यायाची दुसरी कुठली खूण ठेवलेलीच नसते. वर्षानुवर्षं तारखा, उलटतपासणीत मेलेल्या मुलीच्या चारित्र्यावर चिखल, आणि शेवटी एका पहाटेची बातमी. माझा विरोध शिक्षेला आहे, त्यांच्या मागणीला उत्तर देताना मात्र माझी जीभ अडखळते. हा सांधा मला जुळवता आलेला नाही, आणि जो सहज जुळवून दाखवेल त्याच्याशी मी वाद घालीन.

आता तुमचा दुसरा प्रश्न. हात जोडा, अन्याय होत नाही. फक्त क्रम सांभाळा: आधी ज्याचा खून झाला त्याच्यासाठी, मग त्याच्या घरच्यांसाठी, मग फाशी गेलेल्यासाठी, आणि सत्यवानाच्या यादीतल्या त्याच्या आईबापांना, बायकोला, पोरांना विसरू नका. त्यांच्या दारात त्या दिवशी सांत्वनाला कोणी जात नाही. जमलं तर नंतर त्या खटल्याचा निकाल मिळवून वाचा. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल त्याच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. पुरावा काय होता, वकील कोणी दिला होता, शिक्षेवरची सुनावणी वेगळ्या दिवशी झाली की दोषी ठरवल्याच्या दिवशीच उरकली, एवढं तरी पाहा.