केमिस्ट्री सोडू नकोस, गांधारच्या मूर्तींना तीच लागते

जळगावहून बीएस्सी सेकंड इयरच्या एका मुलीचं पत्र आलंय. कॉलेजच्या ट्रिपला मुंबईच्या म्युझियममध्ये गांधारचा बुद्ध पाहिला, तेव्हापासून तो डोक्यातून जात नाहीये, तर केमिस्ट्री सोडून बीए हिस्टरीला जाऊ का? पप्पा म्हणतात ही खुळं बंद कर आणि एमपीएससीचं बघ.

अगं, खूळ नाहीये ते. गांधार म्हणजे पेशावर, स्वात, तक्षशिला हा सगळा पट्टा, आता बराचसा पाकिस्तानात आणि थोडा अफगाणिस्तानात, तिथल्या कारागिरांनी इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत, मुख्यतः कुषाणांच्या राज्यात, बुद्धाला ग्रीक-रोमन पद्धतीचं चुण्याचुण्यांचं जाड वस्त्र पांघरलं, केसांना लाटा दिल्या, पण उष्णीष (डोक्यावरचा उंचवटा) आपलं, ऊर्णा (दोन भुवयांमधला ठिपका) आपली, ते अर्धमिटले डोळेही आपलेच. एका शिल्पात तर बुद्धाचा रक्षक वज्रपाणी चक्क ग्रीक वीर हेराक्लीससारखा डोक्यावरून सिंहाचं कातडं घेऊन उभा आहे, हातात वज्र! मी पहिल्यांदा फोटो पाहिला तेव्हा कितीतरी वेळ बघतच बसले होते.

आता नीट ऐक, केमिस्ट्री सोडायची नाही. पुढच्या वेळी मूर्तीच्या जवळ जाऊन बघ, तो करडा दगड म्हणजे शिस्ट, त्यात अभ्रक चमकतं आणि त्याचे थर सुटतात, पापुद्रे निघतात. हात बरेचदा वेगळे कोरून जोडलेले असायचे त्यामुळे मनगटाशी नुसती खोबण उरलेली दिसते. कितीतरी मूर्तींवर रंग आणि सोन्याचा मुलामा होता, नंतरच्या काळातल्या बऱ्याच तर चुन्याच्या गिलाव्यातल्या. तो रंग कशाचा, दगडात क्षार कुठून आले, आणि मूर्ती खरी की बाजारातली नक्कल (गांधारच्या नकला खूप फिरतात), हे सांगायला केमिस्ट्रीवालेच लागतात.

पप्पांची काळजी खोटी नाही, फक्त गांधारवर पोट भरेल अशी नोकरी भारतात जवळपास नाहीच, जागा कमी आणि बऱ्याच कंत्राटी, हे मी लपवणार नाही. पण त्यांना सांग, केंद्राच्या पुरातत्त्व खात्याला सायन्स ब्रँच आहे, मुख्य ऑफिस देहरादूनला, आणि तिथे एमएस्सी केमिस्ट्रीवाले लागतात, म्हणजे सरकारी नोकरीची त्यांची इच्छाही त्यात बसते. अजिंठ्याच्या चित्रांवर काम करतात ते याच खात्याचे लोक, तुझ्या घरापासून तासा-दीड तासावर!

म्हणून आधी बीएस्सी नीट पूर्ण कर. मग एमएस्सी कर, किंवा नोएडाच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ हेरिटेजला कॉन्झर्व्हेशनचं (जुन्या वस्तू जतन करण्याचं) एमए, किंवा मन इतिहासाकडेच ओढत असेल तर पुण्याचं डेक्कन कॉलेज. प्रवेशाच्या अटी त्या त्या वर्षीच्या बघून घे. सोबत पाली, म्हणजे जुन्या बौद्ध ग्रंथांची भाषा, शिकायला आत्तापासून लाग, शिल्पातल्या कथा मग आपोआप उलगडतात.

आणि जमलं तर एकदा चंदीगडला जाऊन ये, फाळणीत लाहोर म्युझियमच्या मूर्ती वाटल्या गेल्या त्यातल्या 600 च्या वर तिथल्या सरकारी म्युझियममध्ये आहेत. पप्पांनाही ने सोबत.