गावठी पिलांना मानमोडीची (राणीखेत) लस कधी द्यावी? पाण्यातून चालते का?
पहिली लस पाचव्या ते सातव्या दिवशी, लासोटा किंवा एफ स्ट्रेनची (हे लसीतल्या कमजोर विषाणूचे प्रकार), एक थेंब डोळ्यात किंवा नाकात. पाण्यातून नको, कारण एवढंसं पिलू किती पाणी पिईल याचा भरवसा नाही. चौथ्या आठवड्यातला लासोटाचा डोस पाण्यातून चालतो, पण नळाचं क्लोरीनवालं पाणी घेऊ नका, लसीतला जिवंत विषाणूच मरतो. कोंबड्या पुढे ठेवायच्या असतील तर आठव्या आठवड्यात आर-टू-बी (याच रोगाची टोचायची लस) टोचून घ्या. लस बर्फातूनच आणा. रोग विषाणूचा, त्यामुळे लागण झाल्यावर औषध नाही. अँटिबायोटिक पाजून मानमोडी बरी होत नाही. मात्र मरतूक आधीच सुरू असेल तर लस थांबवा, आजारी पक्षी वेगळे करा आणि पशुवैद्यकांना दाखवा.