नेटवर्क टेन कोणाला विकत घेता येत नव्हतं?

ऑस्ट्रेलियातलं नेटवर्क टेन हे दूरचित्रवाणी नेटवर्क २०१७ मध्ये बुडालं आणि अमेरिकेच्या सीबीएस या माध्यम कंपनीने ते विकत घेतलं. माध्यमांच्या मालकीविषयी लिहिताना मागच्या लेखात मी या विक्रीचा ओझरता उल्लेख केला होता. त्यावर बरेच प्रश्न आले. त्यातले काही इथे घेतो.

टेन बुडालं कशामुळे? प्रेक्षक उरले नव्हते का?

प्रेक्षक होते. तीन व्यापारी नेटवर्कांत टेन मागे पडलं होतं, पण ते पाहणारे लोक लाखांत होते. खरी अडचण हिशेबाच्या दोन बाजूंची होती. जाहिरातींचा पैसा इंटरनेटकडे वळत होता आणि त्याच वेळी अमेरिकी स्टुडिओंशी केलेले मालिकांचे लांब मुदतीचे करार टेनच्या गळ्यात होते. उत्पन्न घटलं म्हणून करारातली रक्कम घटत नाही.

फेब्रुवारी २०१७ ला संपलेल्या सहामाहीत कंपनीने २३.२ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा तोटा दाखवला. त्यातला बहुतेक भाग म्हणजे प्रक्षेपण परवान्याची वहीतली किंमत खाली आणल्याचा परिणाम होता. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वांत बोलका आकडा हाच. ज्या परवान्यासाठी एकेकाळी उद्योगपती वाटेल ती किंमत मोजायचे, त्याचं मोल आता राहिलेलं नाही, हे कंपनीने स्वतःच लिहून दिलं होतं.

कॉमनवेल्थ बँकेचं २० कोटींचं कर्ज लॅकलन मर्डॉक, जेम्स पॅकर आणि ब्रूस गॉर्डन या तीन भागधारकांच्या जामिनावर उभं होतं आणि त्याची मुदत डिसेंबरमध्ये संपत होती. पुढच्या कर्जाला जामीन राहणार नाही, असं मर्डॉक आणि गॉर्डन यांनी कळवलं. मग १४ जून रोजी संचालकांनी कंपनी प्रशासकांच्या, म्हणजे बुडत्या कंपनीचा कारभार सांभाळणाऱ्या तज्ज्ञांच्या, हवाली केली. टेनवर ही पाळी पहिल्यांदा आली नव्हती. १९९० मध्येही हे नेटवर्क रिसीव्हरच्या, म्हणजे धनकोंसाठी वसुली करणाऱ्या अधिकाऱ्याच्या, ताब्यात गेलं होतं.

'तीनपैकी दोन' हा नियम सोप्या शब्दांत सांगाल का?

दूरचित्रवाणी, रेडिओ आणि वर्तमानपत्र ही तीन माध्यमं. एका परवाना क्षेत्रात, म्हणजे एका प्रक्षेपण परवान्याच्या हद्दीत, एका मालकाकडे यांपैकी जास्तीत जास्त दोन असू शकत होती, तिसरं नाही. हा नियम २०१७ मध्ये रद्द झाला. या विचाराचं मूळ १९८७ च्या कायद्यात आहे. तेव्हाचे अर्थमंत्री पॉल कीटिंग यांचं म्हणणं असं होतं, की माध्यमसम्राटाने छापखाना किंवा पडदा यांतलं एक काय ते निवडावं. २००६ च्या दुरुस्तीने ती कडक अट सैल होऊन 'तीनपैकी दोन' झाली.

याच्या जोडीला दुसरा नियम होता ७५ टक्क्यांचा. कोणत्याही एका मालकाच्या दूरचित्रवाणी परवान्यांनी देशाच्या ७५ टक्क्यांहून जास्त लोकसंख्या व्यापता कामा नये.

आता हे दोन्ही नियम टेनच्या इच्छुकांना लावून बघा. मर्डॉक कुटुंबाच्या न्यूज कॉर्पकडे सिडनी-मेलबर्नची मोठी दैनिकं आहेत आणि लॅकलन यांच्याकडे नोव्हा हे रेडिओचं जाळं. त्यांनी टेन घेतलं असतं, तर तिन्ही माध्यमं एकाच हाती गेली असती. गॉर्डन यांची अडचण वेगळी. त्यांचं विन हे निमशहरी आणि ग्रामीण भागातलं नेटवर्क, तर टेनकडे पाच मोठ्या राजधान्या. दोन्हींची बेरीज ७५ च्या पलीकडे जात होती. दोघांनी मिळून बोली लावायची ठरवली, पण ती पूर्ण व्हायला दोन्ही नियम रद्द होणं गरजेचं होतं.

जामीन नाकारायचा आणि मग तीच कंपनी स्वस्तात घ्यायची, हा डाव नव्हता का?

प्रश्न रास्त आहे. पण कोणाच्या मनात काय होतं, यावर मी निकाल देणार नाही. जामीन राहायला नकार देणं हा गुन्हा नाही. बुडत्या कंपनीत आणखी पैसे न घालणं हा साधा व्यावसायिक निर्णयही असू शकतो.

मला खटकते ती रचना. भागधारक, जामीनदार आणि खरेदीदार या तिन्ही भूमिकांत तीच माणसं आली, आणि कर्जाची दोरी त्यांच्याच हातात होती. मालकीचा कायदा शेअर मोजतो. १५ टक्क्यांहून जास्त हिस्सा असला, की तो नियंत्रण आहे असं मानतो. जामिनातून येणारं वजन त्या टक्केवारीत दिसत नाही, हा मला गंभीर दोष वाटतो.

देशातल्या लोकांना बंदी आणि परदेशी कंपनीला मोकळं रान, असं कसं?

कारण परदेशी मालकीवरची माध्यम कायद्यातली खास मर्यादा २००६ च्या दुरुस्तीनेच काढून टाकली होती. उरली होती ती परदेशी गुंतवणुकीची सर्वसाधारण मंजुरी. सीबीएसकडे ऑस्ट्रेलियात ना दैनिक होतं, ना रेडिओ केंद्र, म्हणून तिला 'तीनपैकी दोन'चा अडसर नव्हता. शिवाय ती बाहेरून अचानक आलेली पाहुणी नव्हती. टेनला मालिका विकणाऱ्यांत ती होती आणि बिनतारण धनकोंमध्ये, म्हणजे ज्यांच्या येण्याला तारण नव्हतं त्यांच्यात, सर्वांत मोठी रक्कम तिचीच थकली होती.

प्रशासकांनी २८ ऑगस्टला सीबीएसचं नाव जाहीर केलं. नियम रद्द करणारं विधेयक सिनेटने १४ सप्टेंबरला मंजूर केलं, प्रतिनिधीगृहाने ऑक्टोबरमध्ये. दरम्यान, १९ सप्टेंबरला धनकोंनी सीबीएसच्या बाजूने कौल दिला होता. गॉर्डन न्यायालयात गेले, पण हरले.

या विक्रीकडे बघताना बरेच जण इथेच चुकतात. मालकीचा कायदा खरेदीदार निवडत नाही. कोणी येऊ नये एवढंच तो सांगतो. बुडालेली कंपनी कोणाकडे जाणार, हे ज्यांचे पैसे अडकलेत ते ठरवतात, आणि संसदेची सवड होईपर्यंत ते थांबत नाहीत.

साध्या भागधारकांना काय मिळालं?

काहीही नाही. न्यायालयाच्या परवानगीने त्यांचे शेअर विनामोबदला सीबीएसकडे गेले. कर्मचाऱ्यांची देणी मात्र पूर्ण भागवली गेली, आणि मला तोच क्रम योग्य वाटतो.

गूगल-फेसबुकच्या काळात हे नियम जुनाट नव्हते का?

काही अंशी होते. हे नियम ज्या कायद्यात होते तो १९९२ चा. त्यात संकेतस्थळं मोजली जात नाहीत, सशुल्क वाहिन्याही नाहीत. देशभर खपणारं 'द ऑस्ट्रेलियन'सुद्धा मोजणीबाहेर राहतं, कारण ज्याचा किमान निम्मा खप त्या परवाना क्षेत्रात आहे तेच वर्तमानपत्र कायद्याला दिसतं. मोजमाप बदलायलाच हवं होतं. सरकारने ते बदललं नाही, दोन नियमच काढून टाकले. त्या वेळी टेनचं उदाहरण पुन्हा पुन्हा पुढे केलं गेलं, आणि टेन तर नियम हटण्याआधीच धनकोंच्या मतांनी वाचलं होतं.

फायदा झाला तो दुसऱ्यांचा. जुलै २०१८ मध्ये नाइन नेटवर्कने फेअरफॅक्स ही वृत्तपत्र कंपनी घेण्याची घोषणा केली आणि वर्ष संपायच्या आत व्यवहार पूर्ण झाला. 'सिडनी मॉर्निंग हेरल्ड' आणि मेलबर्नचं 'द एज' एका दूरचित्रवाणी कंपनीची झाली, सोबत फेअरफॅक्सचा रेडिओतला हिस्साही आला. तिन्ही माध्यमं एका हाती जाणं, हेच १९८७ पासून अडवून धरलं होतं. मला या विलीनीकरणाचं आजही दुःख वाटतं.

मग आता कोणतंच बंधन उरलेलं नाही?

उरलं आहे. एका क्षेत्रात एका मालकाला एकच दूरचित्रवाणी परवाना आणि जास्तीत जास्त दोन रेडिओ परवाने मिळतात. मोठ्या राजधान्यांत किमान पाच आणि इतरत्र किमान चार स्वतंत्र माध्यमगट राहिले पाहिजेत, हीही अट आहे. पण हे गट मोजताना त्यांच्याकडे वार्ताहर किती आहेत, हे कोणी विचारत नाही. दिवसभर गाणी वाजवणारं व्यापारी रेडिओ केंद्र आणि शेकडो पत्रकारांचं दैनिक यांची गणती सारखीच, प्रत्येकी एक. कायदा पुन्हा उघडला, तर दुरुस्ती सर्वांत आधी इथे व्हायला हवी.