पणजोबांचे आजोबा रत्नागिरीहून मॉरिशसला गेले, त्यांचं जहाज कसं शोधायचं?

जहाजाच्या नावामागे आधी लागू नका, त्यांचा नंबर शोधा. मॉरिशसमध्ये उतरलेल्या प्रत्येक गिरमिट्याला, म्हणजे करारावर नेलेल्या मजुराला, एक इमिग्रंट नंबर मिळायचा. तिकडच्या नातेवाइकांकडे जुने जन्म, लग्न किंवा मृत्यूचे दाखले असतील तर ते आधी मागवा. त्यांवर बरेचदा हा नंबर असतो.

नंबर हाती आला की मॉरिशसमधल्या मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटला लिहा. गिरमिट्यांची मूळ रजिस्टरं तिथेच आहेत. एका ओळीत माणसाचं नाव, बापाचं नाव, वय, जात, जिल्हा, गाव, जहाज, पोहोचल्याची तारीख, कुठल्या ऊसमळ्यावर पाठवलं ते, आणि कधीकधी अंगावरचा व्रणसुद्धा! १८६० च्या दशकापासून पुढचे असतील तर फोटोही सापडू शकतो.

नंबर नसेल तर काम किचकट. आडनाव विसरा, ते बहुधा लिहिलेलंच नसतं. कारकुनाने कानाला लागेल तसं रोमन लिपीत उतरवलंय, त्यामुळे 'विठू' दोनतीन तऱ्हांनी शोधावा लागेल आणि रत्नागिरीचं स्पेलिंगही ओळखू येणार नाही. बापाचं नाव आणि गाव जुळलं तरच आपला माणूस समजा. त्या काळात विठू नावाचे पुष्कळ गेले.

कोकणातले लोक मुंबई बंदरातून चढायचे, म्हणून कलकत्ता-मद्रासची जहाजं सरळ बाजूला काढा. उतरायचे मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरात. तिथल्या धक्क्याचे, आप्रवासी घाटाचे, अवशेष आजही उभे आहेत.