वागातोरला निघण्याआधी: चोर्ला, आंबोली आणि तुमची पत्रे

नोव्हेंबर जवळ आला की या सदराकडे येणारी निम्मी पत्रे गोव्यातल्या वागातोरच्या बुलेटवाल्यांच्या मेळाव्याबद्दल असतात. मी काही मोठी रायडर नव्हे. डिचोलीत साखळीकडून येणाऱ्या रस्त्याला लागून आमचे स्पेअर पार्टचे दुकान आहे. बेळगावहून गोव्यात येणारा चोर्ला घाट उतरलेला माणूस तिथे पहिल्यांदा थांबतो आणि काय मागतो, हे काउंटरवरून दिसते. माझा बराचसा अभ्यास तिथला.

ताई, आम्ही साताऱ्याचे चौघे मित्र. दोन बुलेट, एक स्प्लेंडर, एक ॲक्टिव्हा. एका बुलेटवर वहिनी मागे बसणार आहेत. वागातोरला बुलेटवाल्यांच्या मेळाव्याला यायचे आहे. सगळ्यांत देखणा रस्ता कोणता? एका दिवसात होईल का? ॲक्टिव्हावाल्याला घरीच ठेवावे असे दोघांचे म्हणणे आहे.
*– एक वाचक, सातारा*

ॲक्टिव्हावाल्याला आणा, आणि वेळापत्रक त्याच्याच टाकीवर बसवा. पाच लिटरांहून थोडी मोठी टाकी ती. दर दीडशे किलोमीटरला पेट्रोलला थांबायचे ठरवले की बुलेटवाल्यांच्या कंबरेलाही आपोआप विश्रांती मिळते. फक्त ते कबूल करायला स्वतः तयार नसतात, निमित्त म्हणून स्कूटर बरी. रांगेत सगळ्यांत पुढे रस्ता माहीत असलेला, त्याच्या मागे सगळ्यांत हळू गाडी, आणि शेवटी ज्याच्याकडे पाने-पकड आणि पंक्चरचे सामान आहे तो. हळू गाडी शेवटी ठेवली की ती तुम्हाला गाठायला नको तिथे ओव्हरटेक करते.

एका दिवसात होते, पण करू नका. साताऱ्याहून बेळगाव साधारण सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर, पुढे चोर्ल्यावरून वागातोर आणखी सव्वाशे-दीडशे. आकडा मोठा वाटत नाही. पण कोल्हापूरच्या अलीकडे-पलीकडे सहापदरीकरणाचे वळणरस्ते आहेत, त्यांच्यावरची सुटी खडी आहे, तुमच्यातल्या कुणाचे तरी सकाळी उशिरा आवरणार आहे. मग चोर्ल्याच्या तोंडाशी पोहोचायला चार-साडेचार होतात. नोव्हेंबरअखेर आमच्याकडे सहाच्या सुमारास सूर्य बुडतो. घाट पश्चिमेकडे उतरतो, म्हणजे वळणावळणाला ऊन थेट डोळ्यांत, आणि ऊन गेले की अंधार. तिन्हीसांजेला गवे रस्त्यावर येतात. गवा हॉर्नला घाबरत नाही.

म्हणून मुक्काम बेळगावात. कुंदा खा, लवकर झोपा, सकाळी टाकी पूर्ण भरून जांबोटीच्या रस्त्याला लागा. मधल्या गावांतल्या पेट्रोलवर भरवसा ठेवू नका, सरळ घाट उतरून साखळीला भरा. घाटात मोबाईलची रेंजही जाते, तेव्हा कुठे जमायचे ते आधीच बोलून ठेवा. केरीला खाली उतरल्यावर, असे मी सांगते. सकाळी सूर्य पाठीशी असतो आणि समोरची सगळी दरी उजेडात. कणकुंबीला दोन मिनिटे थांबा, मलप्रभा नदी तिथे माउलीच्या देवळापाशी उगम पावते. पावसाळ्यातले धबधबे नोव्हेंबरात आटलेले असतात, त्यांची आशा करू नका. त्या दिवसांत बघायचे ते गवत: पठारावरचे पिवळे पडू लागलेले, आणि खाली अंजुणे धरणाचे पाणी. वळणावर गाडी लावून फोटो काढू नका. पुढे रुंद जागा येतात.

जांबोटीपासून घाटमाथ्यापर्यंतचा रस्ता पावसाळ्यानंतर कधी चांगला असतो, कधी खड्ड्यांनी भरलेला. बेळगावात ज्या हॉटेलात उतराल तिथल्या माणसाला विचारा, इंटरनेटवरच्या मागच्या वर्षीच्या व्हिडिओला नको.

आता काउंटरवरची गोष्ट. चोर्ला उतरून आलेले लोक आमच्याकडे बहुतेक वेळा ब्रेक लायनर, क्लच केबल आणि मागच्या दिव्याचा बल्ब मागतात. बल्ब का, तर सगळा घाट ब्रेकवर पाय ठेवून उतरतात, दिवा अखंड पेटलेला. लायनर त्याच कारणाने. ज्या गिअरमध्ये तो चढ चढला असता त्याच गिअरमध्ये उतार उतरायचा, वेग इंजिनाला धरू द्यायचा, आणि ब्रेक वळणाच्या आधी, तोही दाबून लगेच सोडायचा. सतत घासत राहिले की ड्रम तापतो आणि ऐन वेळी ब्रेक धरतच नाही. डिस्क असेल तर आतले तेल उकळते आणि लिव्हर पोकळ लागतो. न्यूट्रलवर उतरून पेट्रोल वाचवणारे लोक आहेत. त्यांना मी लायनर विकते आणि गप्प बसते. ॲक्टिव्हाला गिअर नाहीत, तेव्हा तिने आधीपासूनच हळू असावे आणि मध्ये दोनदा थांबून ब्रेक थंड होऊ द्यावेत. तीच जागा फोटोची.

क्लच केबल एक जास्तीची आणा, तुमच्या मॉडेलची. मी ठेवते, पण सगळ्यांची ठेवू शकत नाही. चेन निघण्याच्या आदल्या दिवशी ताणून घ्या, निघायच्या दिवशी नको. घाईत जास्त ताणली जाते.

वहिनींविषयी तुम्ही एकच वाक्य लिहिलेत, म्हणून मी जरा जास्त लिहिते. मागच्या माणसासाठी टायरची हवा वेगळी असते. चेनकव्हरवर किंवा मागच्या फोर्कवर स्टिकर असतो, त्यावर एकट्याची आणि दोघांची असे दोन आकडे दिलेले असतात. सामान आणि माणूस दोन्ही असेल तर दुसरा आकडा. हेल्मेट त्यांना तुमच्याइतकेच चांगले, आयएसआय खुणेचे, पट्टा लावलेले. मोटार वाहन कायद्याचे कलम १२९ मागच्यालाही तेच सांगते. सामानाची पिशवी त्यांच्या आणि तुमच्या मध्ये ठेवू नका, आणि त्यांच्या मांडीवर तर मुळीच नको. कुठे थांबायचे ते त्या ठरवतील.

परतताना आंबोली. बांदा, सावंतवाडी, आंबोली, आजरा, निपाणी. चढताना ब्रेकला त्रास नाही. पण सकाळी पूर्वेकडे जाताना ऊन समोर येते आणि आंबोलीत धुके असते, म्हणून सावंतवाडीत पोटभर नाश्ता करून नऊनंतरच घाटाला लागा. येताना तिलारीचा रामघाट कुणी सुचवला तर लादलेल्या गाड्यांना तो नको. उतार अंगावर येतो. अनमोड बरा आहे, पण तो तुम्हाला मोले-फोंड्याकडे उतरवतो. वागातोरसाठी उगाच वळसा.

येताना चोर्ला उतरलात की खाली केरी, साखळी, डिचोली, अस्नोडा, म्हापसा, आणि तिथून आसगाववरून वागातोर. म्हापशाला शुक्रवारी पोहोचाल तर बाजारामुळे रस्ता तुंबलेला असेल. मग गाडी बाजूला लावा आणि बाजारच बघा.

राहायची खोली आजच ठरवा. रॉयल एनफिल्डचा मेळावा, ज्याला जुने लोक अजून रायडर मेनियाच म्हणतात आणि २०२३ पासून ज्याचे नाव मोटोव्हर्स झाले, तो नोव्हेंबरच्या उत्तरार्धात असतो. त्याच सुमारास पणजीत इफ्फी हा चित्रपट महोत्सव, आणि ३ डिसेंबरच्या जुन्या गोव्याच्या फेस्ताचे नोव्हेना, म्हणजे आधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनाही सुरू झालेले असतात. खोल्या उरत नाहीत, उरतात त्या परवडत नाहीत. आणि ठिकाण दर वर्षी स्वतः तपासा. इंडिया बाईक वीक हा दुसरा मेळावा २०१३ साली वागातोरला सुरू झाला म्हणून तो इथेच असतो असे धरून चालू नका. २०२१ मध्ये तो लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीत भरला होता. आधी तारीख आणि जागा, मग प्रवेशाची नोंदणी, मग खोली, आणि सगळ्यांत शेवटी जॅकेट. लोक उलट्या क्रमाने जातात.

मी रत्नागिरीची, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. दीडशे सीसीची गाडी आहे. मला सागरी मार्गाने एकटीने मेळाव्याला यायचे आहे. आई म्हणते हायवेने जा नाहीतर जाऊ नको. तुम्ही तिला काही सांगाल का?
*– एक वाचक, रत्नागिरी*

आईंना माझा नमस्कार सांग. त्यांची काळजी समजते, पण हायवे सुरक्षित आणि सागरी मार्ग धोक्याचा हे समीकरण मला पटत नाही. हायवेवर अवजड गाड्या आणि वेग, सागरी रस्त्यावर अरुंद वळणे आणि गुरे. माझ्या मते एकटीने जाणाऱ्यासाठी दुसरा बरा, कारण तिथे दर काही किलोमीटरला वस्ती आहे आणि गाडी बंद पडली तर कुणीतरी पाणी घेऊन येते, चौकशाही करते.

भाट्ये, पावस, पूर्णगड, गावखडी, आडिवरे, जैतापूर, मग विजयदुर्गाची बाजू, देवगड, कुणकेश्वर, आचरा, मालवण. कागदावर किलोमीटर कमी दिसतील, दिवस मात्र पूर्ण जाईल. मालवणला राहा. संध्याकाळी पाचच्या आत खोलीवर. हा नियम आईंसाठी नाही, तुझ्यासाठी. खाडीकाठच्या रस्त्यांना दिवे नसतात. आईंना थांबण्याची गावे आधी लिहून दे आणि त्या त्या गावातून फोन कर. सतत लोकेशन पाठवण्यापेक्षा हे बरे. तिकडेही रेंज जाते, आणि नकाशावरचा ठिपका हलला नाही की घरचे घाबरतात.

दुसऱ्या दिवशी कर्लीच्या खाडीवरचा पूल ओलांडून परुळे, म्हापण, वेंगुर्ला, शिरोडा. रेडीला गणपतीचे दर्शन घे. ती द्विभुज मूर्ती १९७६ साली खाणीच्या आवारात सापडली. तिथून तेरेखोल. किल्ला सावंतवाडीकर भोसल्यांचा, १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी घेतला, म्हणून नदीच्या उत्तरेला असूनही तो गोव्यात. किल्ल्याखालून फेरीबोटीने केरीला उतरता येते. फेरी बंद असेल तर हिरमुसून बसू नकोस, आरोंदा–किरणपाणी पूल आहे. फेरीत गाडी गिअरमध्ये टाकून ठेव आणि शेजारी उभी राहा, नुसत्या साइड स्टँडवर सोडू नकोस.

एक सूचना. गोव्यात केरी दोन आहेत. तुझे पेडण्यातले, समुद्राचे. साताऱ्याच्या मंडळींना मी सांगितले ते सत्तरीतले, घाटाखालचे. फोनला नुसते केरी सांगितलेस तर तो तुला डोंगरात पाठवू शकतो.

पुढे हरमल, मांद्रे, मोरजी, चोपडे आणि शिवोलीचा पूल. पूल ओलांडला की वागातोर जवळच. घरी पोहोचल्यावर पहिल्यांदा गोड्या पाण्याने चेन आणि रिम धू, मग ऑईल. खारे वारे दोन दिवसांत चेनवर तांबूस थर आणतात.

माझ्या बुलेटला मी नवा सायलेन्सर बसवलाय. आवाज एकदम जबरदस्त. गोव्यात पोलीस पकडतात का?
*– एक वाचक, बेळगाव*

पकडतात. पकडावेच. कंपनीचा मूळ सायलेन्सर परत बसवा, तासाभराचे काम आहे. वागातोर आणि हणजूण ही लोकांची गावे आहेत; तिथे शाळा आहेत, म्हातारी माणसे आहेत, आणि वर्षानुवर्षे रात्रीच्या आवाजाविरुद्ध तक्रारी करणारे रहिवासी आहेत. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी रात्री दहानंतर उघड्यावरचे लाउडस्पीकर बंद होतात, आणि त्या शांततेत तुमची एक गाडी तीन वाड्यांना उठवते. मेळाव्याला येणाऱ्या सगळ्यांवर जो राग निघतो तो तुमच्यासारख्या दहा जणांमुळे. बेळगावहून तुम्ही चोर्ल्यातूनच येणार, म्हणजे म्हादई अभयारण्याच्या कडेने. तिथल्या जनावरांनाही तुमची आवड सांगू नका.

ठाण्याहून बाईक ट्रेनने पाठवून वागातोरला चालवायची आहे. की तिथेच भाड्याने घेऊ?
*– एक वाचक, ठाणे*

रेल्वेने येते. पार्सल म्हणून नोंदवताना आरसीची आणि ओळखपत्राची प्रत लागते, टाकी पूर्ण रिकामी करावी लागते, आणि गाडी गोणपाटात बांधून द्यावी लागते. आरसे काढून बॅगेत ठेवा. म्हापशाला जवळचे स्टेशन थिवी, पण तुमची ट्रेन तिथे पार्सल उतरवते का ते नोंदवतानाच विचारा, नाहीतर मडगाव धरा. गाडी तुमच्याच ट्रेनने येईल याची हमी नसते, म्हणून दोन दिवस हातचे ठेवा. पेट्रोल मात्र आमच्याकडे तुमच्यापेक्षा स्वस्त.

तीन दिवसांसाठी मी तरी भाड्याची घेईन. काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेलीच घ्या. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने देणे बेकायदा आहे आणि अपघात झाला तर विम्याचा घोळ तुमच्या गळ्यात. घेण्याआधी ब्रेक, टायर आणि हॉर्न बघा, चारही बाजूंनी व्हिडिओ काढा. आणि रात्री दोन घोट झाले असतील तर ती गाडीही नको. पिवळ्या मडगार्डच्या मोटारसायकलवाल्याला, आमच्या पायलटला, हाक मारा. दिवसभर रायडर म्हणून मिरवलेल्या माणसाने रात्री दुसऱ्याच्या मागे बसण्यात कमीपणा नाही.

मेळाव्याला आलो तर नोव्हेंबरात हुर्राक मिळेल का? दोन बाटल्या घरी न्यायच्या आहेत.
*– एक वाचक, कोल्हापूर*

नाही. हुर्राक म्हणजे काजूच्या बोंडांच्या रसाची पहिल्या धारेची दारू, काजूच्या हंगामातली, साधारण मार्च ते मे. नोव्हेंबरात कुणी ताजा म्हणून दिला तर घेऊ नका. फेणी मिळेल. पण ती महाराष्ट्रात न्यायला परवाना लागतो, आणि बांद्याच्या पुढे इन्सुलीला उत्पादन शुल्कवाल्यांचा नाका आहे. तिथे बुलेटच्या दोन्ही बाजूंच्या पिशव्या पहिल्या उघडायला लावतात. काजूगर न्या, त्यांना कुणी अडवत नाही.